आंधी न आलेला रविवार

त्या रविवारी चंदीगडला आंधी आली नव्हती. आली होती असं मी बायकोला सांगितलं आणि पुढं सात वर्षं तेच धरून बसलो. माझी चूक इथूनच सांगायला हवी. बाकीचं सगळं मी चांगल्या हेतूनं केलं अशी सारवासारव करता येते, या वाक्याची करता येत नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर दुसऱ्या वर्षी माझी तिथं बदली झाली. एका सरकारी कार्यालयाचं स्टोअर मी सांभाळायचो. हजारो सुटे भाग, प्रत्येकाला खण, खणाला नंबर, नंबराचं कार्ड. माणूस बदलला तरी वस्तू सापडली पाहिजे, ही आमच्या कामाची शिस्त. शहरही मला माझ्याच स्वभावाचं वाटलं. पत्ता सांगताना कुणी वडाचं झाड किंवा मारुतीचं देऊळ सांगत नसे. सेक्टर, मग घर नंबर, संपलं. आठवडाभरात मी तिथं रुळलो. बायको रुळली नाही. ती मिरजेची. भाजी आणायला गेली की परतताना चुकायची. "सगळीकडं नंबर आहे हो, पण खूण कुठंच नाही," म्हणायची.

लग्नामुळं तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. जवळच्या शाळेत शिक्षिका हवी होती. मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, पदवी घेऊन या, जागा तुमचीच. म्हणून तिनं बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. विषय इतिहास, आणि पेपर हिंदीत लिहायचा.

तिचा अभ्यास मागच्या व्हरांड्यात चाले. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, पाकिटं उसवून त्यांच्या आतल्या बाजूला, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत असं ती लिहायची आणि कागद कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगायची. तेवढ्यानं भागेना. मग स्वेटरची उरलेली लोकर घेऊन एका कागदाच्या कोपऱ्यातून दुसऱ्याच्या कोपऱ्यात ओवायला लागली. अमुक लढाई का झाली त्याचा कागद दोरीच्या या टोकाला, तर तिच्यामुळं पुढं काय झालं तो त्या टोकाला. मधे लाल नाहीतर हिरवी लोकर. व्हरांड्यातून वाकून जावं लागे. शेजारच्या सरदारीण बाई कुंपणावरून ओरडायच्या, "भाभीजी, आज फिर किताबें धो डालीं?" आणि दोघी पोट धरून हसायच्या. मला हसू येत नसे.

"हे सगळं वहीत का लिहीत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"वही मिटली की माझं डोकं पण मिटतं. मला समोर दिसलं तरच आठवतं. झाकलं की गेलं."

मला हे आळशी माणसाचं बोलणं वाटलं.

परीक्षा दोन आठवड्यांवर होती. त्या रविवारी शेजारीण तिला, "एक दिन दिमाग को छुट्टी दो जी," म्हणत भाचीच्या लग्नाच्या खरेदीला अंबाल्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी माझे साहेब आणि त्यांची पत्नी चहाला यायचे होते. त्यांनी तो व्हरांडा बघितला तर काय म्हणतील, या विचारानं सकाळपासून माझं कशात लक्ष लागेना. जेवण झाल्यावर मी स्टूल घेतलं आणि कागद उतरवले. नुसते उतरवून एकावर एक ठेवले असते तरी निभावलं असतं. मी ऑफिसातून आणलेलं पंच काढलं, भोकं पाडली, अकारविल्हे लावून आठ फायली केल्या. अकबराशेजारी अफगाण युद्ध, त्याच्याशेजारी अहमदनगर. सगळी लोकर ओढून काढली आणि तिचा एक गोल, घट्ट गोळा केला. हे करताना मी शीळ घालत होतो. दुसऱ्या दोरीवरचे कपडे मात्र तसेच राहू दिले.

संध्याकाळी ती आली. दारातूनच व्हरांडा दिसत होता.

"कागद कुठायत?"

"आंधी आली होती गं. उडून गेले असते. नीट फायली केल्यात, बघ."

ती दोरीखाली जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडं वळली. "आणि लोकर?"

मी गोळा तिच्या हातात दिला. ती रडेल, भांडेल, असं वाटलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

परीक्षेच्या पहिल्या पेपराला ती गेली आणि तासाभरात परत आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "एकेक गोष्ट आठवत होती. एकातून दुसरीत जाता येईना." पुढच्या पेपरांना गेलीच नाही. शाळेनं जूनमध्ये दुसरी बाई घेतली.

त्यानंतर तीच म्हणाली, "आता घरही तसंच लावून टाका." शिक्षा म्हणून म्हणाली की हरली म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. मी डबे आणले, नंबर घातले, कार्डं लिहून खिळ्याला अडकवली. मग सुरू झालं. "अहो, हळद कितव्या नंबरात?" "अहो, तापाच्या गोळ्या कुठल्या खणात?" मी नंबर सांगायचो, काढून घ्यायची ती. आवाजात राग नसायचा, तेच वाईट होतं. पाहुण्यांसमोर ती माझं कौतुक करायची. एकदा साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, काय टापटीप आहे हो तुमच्याकडं. तर ही हसत म्हणाली, "सगळ्याला नंबर आहे. या शहरात तेरा नंबरचा सेक्टर नाही ना? तिथं मला ठेवलंय." सगळे हसले. मीही हसलो.

साडेपाचला मी एका स्टोअरमधून सुटायचो आणि दुसऱ्यात शिरायचो. बदली मागावी असं मनात यायचं, पण डबे बरोबर आलेच असते. नंबर काढून टाकावेत, तर का काढले ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायला सुरुवात केली की आंधीपाशी यावंच लागलं असतं. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायचो. मी पेपर वाचायचो, ती विणायची.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती मिरजेला गेली. चौथ्या दिवशी मला रेशन कार्ड हवं होतं. खिळ्याला अडकवलेल्या माझ्या कार्डावर बघितलं, डबा सात. डबा सात उघडला, रिकामा. आठ उघडला, रिकामा. एकामागून एक उघडत गेलो. बहुतेक सगळे रिकामे होते, आत धूळसुद्धा नव्हती, म्हणजे ती ते पुसून ठेवत होती. मग मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. त्याचं दार एरवी तीच उघडायची.

दाराच्या आतल्या बाजूला खिळेच खिळे होते. रेशन कार्ड तिथं लटकत होतं, त्याला लोकरीनं बांधलेली साखरेची पिशवी. मुलीच्या लशीची चिठ्ठी, तिच्यापासून दोरा दवाखान्याच्या कार्डाला. धोब्याची यादी, दूधवाल्याचा कागद, आईची पत्रं. सगळं उघडं, सगळं एका नजरेत. मला हवं ते क्षणात सापडलं. लोकर लाल आणि हिरवी होती, आणि तळाच्या खिळ्याला मी गुंडाळलेला गोळा होता, निम्मा झालेला. त्याच्या वर एकाच दोऱ्यात ओवलेली वर्तमानपत्राची कात्रणं होती. बाहेरून बी.ए.ला बसणाऱ्यांसाठी फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखा. दर वर्षाचं एक. सर्वांत वरच्या कात्रणातली तारीख अजून उलटायची होती.

मी स्टुलावर बसलो. सात वर्षं ती माझ्या घरात दाराआड विचार करत होती, आणि मी आलो की दार लावून घेत होती.

ती परत यायच्या दिवशी मी व्हरांड्यात दोरी बांधली. आठही फायली सोडल्या आणि कागद चिमट्यांनी टांगले. लोकर लावता आली नाही. कुठून कुठं जायची ते मला माहीत नव्हतं. गोळा स्टुलावर ठेवला.

ती आली, बॅग हातात तशीच धरून व्हरांड्याच्या दारात थांबली. मुलगी आत पळाली.

मी म्हणालो, "त्या रविवारी इथं आंधी आली नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या दोरीवर तुमचे रुमाल होते. बिनचिमट्यांचे. एकही हलला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

बॅग मी तिच्या हातातून घेतली. खाली ठेवायचं सुचलं नाही, धरूनच बोललो. "साहेब येणार होते आणि मला तुझ्या कागदांची लाज वाटली. म्हणून काढले. तू ते नीटच लावले होतेस, विस्कटले मी. तुझी परीक्षा माझ्यामुळं गेली, आणि वर मी खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ कर."