कॅशमधल्या जुन्या साड्या

१८ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत नातीचा फोन वाजला. पर्वत पाटिया भागातल्या ज्या साडीव्यापाऱ्याची वेबसाइट तिने तयार केली होती, तो बोलत होता. नव्या साड्यांचे फोटो तिने आदल्या दिवशी चढवले होते. त्याला जुनेच दिसत होते. दुपारपर्यंत नीट झाले नाही, तर काम दुसऱ्याला देईन, असे त्याने सुनावले. तिचे हे पहिलेच काम.

"मना फोनमा ते नवाच दिखतस," ती म्हणाली.

मी चपला घातल्या. रिक्षात तिने बजावले, "आबा, तठे तुम्ही काही बोलू नका. तुमना आवाज यंत्रमागना खडखडाटवर चढेल शे."

दुकानात व्यापाऱ्याने फोन तिच्यापुढे धरला. "बेन, आ तो जूनाज फोटा छे! काल काम केले की झोप काढली?"

ती उभ्यानेच म्हणाली, "शेठ, तुमच्या काउंटरवर शेडकार्ड कशासाठी असते? दर गिऱ्हाइकाला रंग दाखवायला गोदामात धावावे लागू नये म्हणून. फोन तेच करतो. एकदा पाहिलेल्या पानाची नक्कल जवळ ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडते. या साठ्याला कॅश म्हणतात. गोदामातला माल बदलला. तुमचा फोन जुनेच कार्ड दाखवतो आहे."

"म्हणजे दोष माझ्या फोनचा?"

इथे ती 'हो' म्हणाली असती, तर सुटली असती. मी यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग लावून देणारा मुकादम, होतो. आडव्या धाग्याचा रंग बदलताना मागापाशी भरून ठेवलेल्या जुन्या कांड्या आधी उचलाव्या लागतात. नाहीतर कापडाच्या नव्या ताग्यात जुन्या रंगाचा पट्टा उमटतो. ते पाहणे जॉबरचे काम. पट्टा उमटला की मात्र बहुतेक जॉबर कारागिराकडे बोट दाखवत.

"नाही, चूक माझी," नात म्हणाली. "नवे फोटो मी जुन्याच फाइलनावांनी चढवले. फोनला वाटले, हे आपल्याकडे आहेतच. तुमची कॅश आत्ता पुसता येईल. पण तुमच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये कोण शिरणार? मी नावेच बदलते. मग प्रत्येक फोनला नवे फोटो मागवावे लागतील."

गादीच्या कडेला बसून तिने ते केले. व्यापाऱ्याने पान पुन्हा उघडले. नव्या साड्या आल्या. त्याने शेजारच्या दुकानदारालाही त्याच्या फोनवर पाहायला लावले. तिथेही आल्या.

"उद्या कुर्त्यांचे फोटो पाठवतो. झोपू नका," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काका, छोकरी तमारी?"

"नात," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला असावा. दुकानातली माणसे वळून पाहू लागली.

मला अभिमान वाटला. तो तिला सांगण्याची गरज मला वाटली नाही.

संध्याकाळी ती कुर्त्यांच्या फाइलींची नावे ठरवत बसली. लिहिताना तिचे टेबल डुगडुगत होते. मी लाकडाची पाचर तासली आणि आखूड पायाखाली ठोकली.