पाऊण तासावरचं माहेर

हुपरीचा माणूस परमुलखात गेला की गाव कोल्हापूर सांगतो. दुसरं काय सांगणार? हुपरी म्हटलं की समोरचा विचारतो, "ही कुठं आली?" मग बसा समजावत. कराचीत आमच्या दाजींनी तेच केलं. आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, व्हिसाच्या अर्जात जायचं ठिकाण त्यांनी झोकात 'कोल्हापूर' लिहिलं, आणि तिथंच घात झाला.

दाजी म्हणजे आमच्या खालाचा, मावशीचाच मुलगा. त्याचं आणि आपाचं पोरवयापासून जमलेलं. फाळणीनंतर तो बापाबरोबर कराचीला गेला, तरी आपानं दुसऱ्या कुणाला हो म्हटलं नाही. शेवटी लग्न झालं, आपा तिकडं गेली आणि वर्षाच्या आत पासष्टची लढाई लागली. पुढं दुसरी लागली. पत्रं बंद, येणंजाणं बंद. आपाला मुलं झाली तेही आम्हाला कुवेतच्या एका नातलगाकडनं कळायचं. देश तोडताना आमच्या अम्माला कुणी विचारलं नव्हतं. सोसायचं मात्र तिनं. मला आजही याचा राग येतो.

सत्तरचं दशक सरता सरता व्हिसा मिळाला. आपा राजारामपुरीत मामाकडं उतरली. पोलिसांत नोंद करायला गेलो, तर फौजदारानं कागद वाचून सांगितलं, "व्हिसा कोल्हापूर शहराचा हाय. शहराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई."

हुपरी एस.टी.नं पाऊण तास!

मी घरी जाऊन सांगितलं, "अम्मा, तूच चल मामाकडं." अम्मा पैंजणाला घुंगरू लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई येणार. ते माझं माहेर. तिचं माहेर हितं हाय. लेकीनं माहेराला यायचं असतंय."

मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. बाई ढिम्म हलेना. तिकडं व्हिसाचे दिवस संपत आलेले आणि आपा मामाच्या दारात बसून रडायची. माझं डोकं फिरलं. आपाच म्हणाली, "बुरखा घालून एस.टी.त बसते. कोण वळखतंय मला?" मलाही पटलं.

मी मोठ्या फुशारकीनं अम्माला सांगितलं, "उद्या दुपारच्या गाडीनं आणतो तिला."

अम्माचा हात थांबला. "आणि धरलं म्हंजे?"

"कोण धरतंय?"

"खुळ्या! तिची पोरं तिकडं हाईत. धरून हितं ठेवली तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? आणि पुन्हा येऊ देतील व्हय तिला?" मग माझ्या अकलेचा असा काही उद्धार केला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. शेवटी गुडघ्यावर हात टेकून अम्मा उठली. "सकाळची पहिली गाडी कवा हाय? मीच येते."

मामाच्या दारात रिक्षा थांबली. आपा धावत आली, गळ्यात पडणार तोच अम्मानं हातानं थोपवलं. "थांब. तू हितंच थांब." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढून ती आत गेली. आम्हाला कुणालाच काही कळेना. मला तर वाटलं, इतक्या वर्षांचा राग आता काढती की काय.

आतून भांड्याचा आवाज आला. अम्मा उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. डोक्यावर पदर नीट घेतला. रस्त्यात उभ्या असलेल्या, कानाजवळ केस पिकलेल्या आपल्या लेकीकडं डोळे भरून बघितलं.

"आता ये," म्हणाली.

आपा आली. अम्मानं तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, हाताला धरून आत घेतलं आणि शेजारच्या गावाहून आलेल्या लेकीला विचारावं तसं विचारलं,

"एस.टी.ला गर्दी हुती का गं?"

आपाला हुंदका आवरेना. तरी म्हणाली, "न्हाई अम्मा. बसायला जागा मिळाली."