कधीच न तुंबणारी मोरी

आमच्या थोरल्या जाऊबाईंची लाँड्री होती, आणि तिथल्या मोरीचा त्यांना कोण अभिमान! "पिंपंच्या पिंपं ओता, क्षणात गडप," असं गिऱ्हाइकांना सांगायच्या. अहो, पण ते पाणी जातंय कुठे, हे कुणी बघायला नको? मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुझी मोरी तुंबते, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

आमच्या भागात मातीखाली चुनखडी आहे. तो दगड पाण्याने विरघळतो, अगदी सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या, आणि आत पोकळ्या होतात. त्यात मोरीचा पाइप फरशीखाली फुटलेला. रोजचं पाणी त्या पोकळ्यांत उतरायचं आणि जाताना वरची माती घेऊन जायचं. फरशी तेवढी जागेवर, खाली आधार काही नाही. हे सगळं आम्हाला नंतर समजलं.

दार घासायला लागलं, तर जाऊबाईंनी सुताराकडून रंधा मारून घेतला. भेग पडली, तिच्यात सिमेंट भरलं. भावोजी, म्हणजे त्यांचा नवरा, मोरीजवळच्या कोपऱ्यात उभे राहून दिवसभर इस्त्री करायचे. बायकोपुढे चकार शब्द काढायचे नाहीत. पण त्या सकाळी म्हणाले, "अगं, पायाखाली पोकळ वाजतंय. टेबल दाराशी घेऊ का?"

"दाराशी गिऱ्हाईक उभं राहतं. कामचुकारपणाला निमित्तच हवं तुम्हाला!"

मी तिथेच चादरींच्या घड्या घालत होते. भावोजी मुकाट्याने परत कोपऱ्यात गेले.

दुपारी फरशी खचली. टेबल, इस्त्री, भावोजी, सगळं खाली. डोकावून पाहिलं तर नुसता काळोख आणि गढूळ पाणी. जाऊबाई काठावर पालथ्या पडून हाका मारत होत्या, "अहो, वर या! टेबल हवं तिथे ठेवा!"

अग्निशमन दलाच्या लोकांनी दोर सोडून शोधून पाहिलं, पण कडा ढासळत राहिल्या, आमच्या सामाईक भिंतीला तडे गेले. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, खड्डा भरावाच लागेल. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग काँक्रीट.

"आणि ते जिवंत असले तर?" जाऊबाईंनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. भिंतीपलीकडे माझं घर, माझी पोरं. मी सरळ सांगितलं, "भरा."

जाऊबाई भांडल्या नाहीत. ट्रक मागे येत काठाशी थांबला, तेव्हा त्या ड्रायव्हरजवळ गेल्या. "दगड जरा हळू सोडाल का?"

"हळू सोडायची सोय नाही, बाई," तो म्हणाला, आणि त्याने ट्रकचा हौदा उचलला.