मुंग्यांची सोयरीक

त्या वर्षी मुकुंदवाडीत टँकर आठ दिवसांनी यायचा. तेव्हाच आमच्या मागच्या खोलीत विद्यापीठात शिकणारी एक मुलगी मुंग्यांचे तीन डबे घेऊन राहायला आली. एका डब्यात लाल, दुसऱ्यात काळ्या, तिसऱ्यात दोन्हींच्या मिसळीच्या. मिसळीच्या दिसायला हुबेहूब काळ्यांसारख्या.

सासूबाई गवार निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "मिसळल्या कशा?"

"आजी, लाल माळावरच्या, काळ्या विहिरीकाठच्या. शेंद्र्याकडं प्लॉट पडले, विहिरी आटल्या, तशा दोन्ही एकाच गळक्या टाकीखाली आल्या. मग जुळलं."

"म्हंजी पळून जाऊन लगीन."

"तसंच. राणी काळी, नर लाल. लेकींना अर्धं आईचं मिळतं, अर्धं बापाचं. लेकांना मात्र बाप नसतो."

"बाप नाय?"

"नाही. पण आजोबा असतो. आईचे वडील."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "बाप नाय आन् आज्जा हाय. लई अवघड घराणं."

मुलीला पुढचं शोधायचं होतं. पिढ्या गेल्या की मिसळीच्या मुंग्या दोन्हीकडचे सगळे गुण ठेवत नाहीत, काही टाकून देतात. आणि वेगवेगळ्या ठिकाणी मिसळल्या, तरी बहुतेक तेच टाकतात आणि तेच ठेवतात, असा तिचा अंदाज होता. मला ते लगेच पटलं. आमच्या गल्लीत चार गावांहून आलेल्या चार सुना आहोत. माहेरचं मोठ्यानं हसणं चौघींनीही टाकलं आणि माहेरचा ठेचा चौघींनीही ठेवला.

उन्हाळ्यात ती दोन दिवस फर्दापूरला आणखी मुंग्या शोधायला गेली. जाताना म्हणाली, "काकू, डब्यातला कापूस ओला ठेवा. सोमवारी सर बघायला येणारेत. ह्या मुंग्या गेल्या तर माझं वर्ष गेलं."

टँकर चुकला. रविवारी सकाळी माठाच्या तळाशी जेमतेम पाणी होतं आणि तीन बोळे भिजवायला वाटीभर लागायचं. मला वाटलं, पाहुणे आले की आपण नाही का सगळे एका खोलीत झोपत? मिसळीच्या तर दोन्ही घरच्या. त्यांचं आजोळ आणि घर एके ठिकाणी आलं तर बिघडलं कुठं? मी तिन्ही डबे एकात ओतले आणि एकच बोळा भिजवला.

चहा होईपर्यंत डब्यात हाणामारी लागली होती.

सासूबाई वाकून म्हणाल्या, "कुणाचा तरी मानपान राहिला असंल."

दुपारी मुलगी आली. डबा बघून खांद्यावरची पिशवी न काढताच खाली बसली.

"पाणी वाचवायला," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "लाल निवडता येतील. पण काळी कोणती आणि मिसळीची कोणती, आता कसं कळणार? तपासणीला पाठवताना कोणती कुठल्या डब्यातली, ते लिहून द्यावं लागतं."

सकाळपासून मी त्या डब्यापुढून हलले नव्हते. म्हटलं, "मला कळतं."

"कसं?"

"काळीला नुसत्या लाल चावतात. मिसळीचीला लाल पण चावतात आणि काळ्या पण. ती उलट कुणाला चावत नाही."

तिनं भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिली. मग पिशवी काढून ठेवली आणि ब्रश घेतला. मी बोट दाखवायचं, तिनं उचलायचं. थोड्या वेळानं सासूबाईंनीही चष्मा पुसून घेतला.

"ही बघ, दोन्हीकडून मार खाती. ही सून असणार."

संध्याकाळपर्यंत तीन डबे पुन्हा भरले. सोमवारी तिनं सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी निवडलेल्यांतल्या काही तपासायला पाठवल्या. दोन सोडून सगळ्या बरोबर निघाल्या आणि तिचं वर्ष वाचलं.

त्या दोन सासूबाईंनी निवडलेल्या होत्या.