डासमावशीचं बोट

आमच्या लॅबचं दार सकाळी सात वाजता उघडतं आणि सात वाजून एक मिनिटाने रिकाम्या पोटी आलेल्या माणसांची भांडणं सुरू होतात. मी काचेमागे बसते. नावं लिहिते, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि नंबर पुकारते. एकोणीस वर्षांत एकही नंबर पुकारायचा राहिलेला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कौतुक सगळं पडद्याआड बसणाऱ्या डासमावशीचं. रक्त काढणं हे तिचं काम. हे नाव तिला एका पाच वर्षांच्या मुलीने ठेवलं. ती मुलगी भोकाड पसरायच्या तयारीनेच आली होती. सुई आत जाऊन बाहेर आली तरी तिला पत्ता नाही. आईला म्हणाली, "डास चावला वाटतं." तेव्हापासून लहानथोर सगळ्यांची ती डासमावशी. तिचं खरं नाव मलाही हजेरीच्या वहीत दिसलं तरच आठवतं.

तिची करामत सुईत नव्हती, डाव्या हाताच्या तर्जनीत होती. दंडाला पट्टा आवळायचा, कोपराच्या खळगीत ते बोट फिरवायचं आणि डोळे लावायचे छताकडे. पातळ हातमोज्यातूनही त्या बोटाला शीर कळायची. बोट थांबलं की उजव्या हातातली सुई नेमकी तिथे. दुसऱ्यांदा टोचायची वेळ सहसा यायचीच नाही.

म्हणून तर शिंपीणकाकू तिच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. या काकू पंचाहत्तरीच्या. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून घर ओढलं आणि आता मोठं दुखणं मागे लागलं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. औषधांनी शिरा अशा आत दडी मारून बसलेल्या की दुसऱ्याच्या हाती लागतच नसत. डासमावशीला मात्र लागायच्या. काकू निघताना दर वेळी तेच म्हणायच्या, "चावला बाई डास."

गेल्या वर्षी डासमावशीने पन्नाशी गाठली. एका दुपारी डबा उघडता उघडता तिने जाहीर केलं, "मी गिटार शिकायला लागलेय. पुन्हा."

"पुन्हा म्हणजे? आधी कधी शिकलीस?"

"अठराव्या वर्षी. दहा महिने. मग सोडली."

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं आता कडक वडील निघणार, नाहीतर खाष्ट आजी. "कुणी नको म्हटलं?"

"कुणीच नाही. बोटं दुखायची, बाकीची मुलं पुढे गेली, मला लाज वाटली. मीच सोडली." तिने घास तसाच हातात धरला होता. "दुसऱ्या कुणी सोडायला लावली असती ना, तर त्याच्यावर खापर फोडून मोकळी झाले असते. बत्तीस वर्षं सलतंय ते मला."

यावर एक विनोद माझ्या अगदी ओठावर आला होता. केला नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एक पोरगी गिटारचे वर्ग घेते. वय मावशीच्या निम्मंसुद्धा नाही. वर्गात सगळी दहा-बारा वर्षांची मुलं आणि मधे ही, चष्मा नाकावर घसरलेली. पण बोटांना जुनं आठवत होतं म्हणे. रोज पहाटे साडेपाचला स्वयंपाकघराचं दार लावून सराव. पहिल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने लॅबमधून कापूस मागवून घेतला, कानात घालायला.

चार महिन्यांनी तिने माझ्यासमोर डावा पंजा नाचवला. "हात लाव! घट्टे पडले. आमच्या गिटारच्या बाई म्हणाल्या, आता खरी सुरुवात."

मी टोकं दाबून पाहिली. टणक. "छान. आता भिंतीत खिळे ठोकायला हातोडी नको." दोघी पोट धरून हसलो. इतकी वर्षं याच कामात काढलेल्या दोन बायका, पण एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग एका ट्रकवाल्याला तिला दोनदा टोचावं लागलं. मी म्हटलं, जाडजूड माणूस, होतं असं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं. आणि त्यानंतर शिंपीणकाकूंना चार वेळा. पडद्याआडून "असू दे गं, असू दे" एवढंच ऐकू येत होतं. काकू बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हातांना पट्ट्या होत्या आणि पदर डोळ्यांना. डासाची आठवण त्या दिवशी कुणी काढली नाही.

लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे तपासून घ्या. वयाने होतं." डोळे तपासले, ठीक निघाले. मग एका दुपारी मी पाहिलं, तर ही डबा बाजूला सारून झाकणाच्या कडेवरून बोट फिरवतेय. आधी उजवं, मग डावं. पुन्हा उजवं, पुन्हा डावं.

"या बोटाला काहीच कळत नाही गं," ती म्हणाली. "कडा कुठे संपते तेसुद्धा नाही."

माझ्या जिभेला हाड नाही, ते त्या दिवशीही नव्हतं. "मग सोड ना ती गिटार. पन्नाशीत तुला कुठे स्टेजवर बसायचंय? तुझ्या हौसेपायी काकूंनी किती सोसायचं?"

तिने डब्याला झाकण लावलं. ती उठून पडद्याआड गेली. बोलले ते खोटं नव्हतं, पण ते मी बोलायला नको होतं, हे मला घरी जाईपर्यंत छळत राहिलं.

तिने सगळं करून पाहिलं. उजव्या बोटाने शीर शोधली, पण सुई धरायला बोट उचललं की जागा हरवायची. गिटारला मऊ नायलॉनच्या तारा लावल्या, पण घट्टे जायचं नाव घेईनात. त्या बोटाशिवाय वाजवायला बसली, तर निम्म्या कॉर्ड लंगड्या. शेवटी एका सकाळी ती गिटार पाठीला लावूनच कामावर आली. मला वाटलं, विकायला काढली.

"तारा उलट्या लावून घेतल्या," ती म्हणाली. "तारा जिच्यात बसतात ती वरची खाचांची पट्टीही बदलली. आता दाबायचं उजव्या हाताने आणि छेडायचं डाव्याने."

"म्हणजे शिकलीस ते सगळं?"

"पाण्यात. गिटारच्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मावशी, तुम्ही पार शून्यावर याल. मी म्हटलं, येईन. पण सोडणार नाही."

मग ती सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. "बाई, घट्टे निघायला सहा आठवडे धरा. तोवर मला सुई देऊ नका, बाहेर बसवा. आणि सहा आठवड्यांनी शिंपीणकाकूंच्या बाबतीत चुकले, तर त्या खुर्चीत मी परत बसणार नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हो म्हटलं.

ते सहा आठवडे आमची कसोटी होती, म्हणजे जास्त करून माझी. ती माझ्या शेजारी बसून नळ्यांवर चिठ्ठ्या वाकड्या चिकटवायची आणि मी त्या सोलून सरळ करायची. शिंपीणकाकू तीनदा आल्या. लॅबमधल्या दुसऱ्या मुलीने मनगटाच्या मागून, कसंबसं रक्त काढलं. दर वेळी डासमावशी काचेमागून बघायची आणि हातातली चिठ्ठी आणखीच वाकडी चिकटवायची.

वर्गात तर आनंदच होता. उजव्या हाताची बोटं सुजली आणि डाव्या हाताला ताल सापडेना. मुलं नव्या गाण्यावर गेली, ही एकाच कॉर्डवर. एक दिवस सगळी खो खो हसली.

"मग?" मी विचारलं. "आलीस उठून?"

"अठराव्या वर्षी आले असते. आता म्हटलं, हसून झालं असेल तर हे तिसरं बोट कुठे ठेवायचं ते जरा दाखवा. दाखवलं त्यांनी."

रोज संध्याकाळी ती डावं बोट कोमट पाण्यात बुडवून बसायची, निघेल तेवढी कातडी काढायची. आणि रोज दुपारी माझा हात टेबलावर. पट्टा आवळायची, डोळे मिटायची, बोट फिरवायची, थांबायची आणि निळ्या पेनाने खूण करायची. मग डोळे उघडून बघायचं, शीर कुठे आणि खूण कुठे. पहिले पंधरा दिवस खूण एकीकडे आणि शीर भलतीकडे. घरी सगळे विचारायचे, हाताला काय झालं. मी म्हणायची, माझ्या मैत्रिणीला वेड लागलंय. चौथ्या आठवड्यात खुणा जवळ सरकल्या. सहाव्या आठवड्यात एकही चुकली नाही, पण माझ्या शिरा दोरखंडासारख्या. काकूंच्या तशा नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

काकूंचा नंबर त्या दिवशी चौदा होता. मी पुकारला. त्या उठल्या, पडद्याआड कोण बसलंय ते बघून क्षणभर थबकल्या आणि मग निमूट खुर्चीत बसल्या. पडदा अर्धाच ओढलेला होता. तो पुरता ओढायला मी उठले नाही.

पट्टा आवळला. डावं बोट खळगीत उतरलं. डोळे छताकडे. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर. बोट एका जागेवरून पुढे गेलं, परत आलं आणि थांबलं. सुई आत जाताना मी पाहिलीच नाही. पाहिली ती नळी, हळूहळू लाल होत जाणारी.

"चावला बाई डास," काकू म्हणाल्या.

डासमावशीने हातमोजे काढले आणि कापूस काकूंच्या हातावर उजव्या हाताने दाबून धरला. काकूंनी तो हात धरून उलटा केला. चाळीस वर्षं सुईदोऱ्यात काढलेलं माणूस ते, घट्टे ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता. एकेका टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे नवे आहेत."

"हो काकू. घट्ट्यांमुळे डाव्या बोटाला शीर कळेना, म्हणून हात बदलला. गिटारचा."

"म्हणजे मुळापासून सगळं पुन्हा?" काकूंचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी केलंस होय गं हे?"

मला वाटलं, ही आता हो म्हणणार. मी असते तर म्हटलं असतं आणि वर दोन टिपंही गाळली असती.

"नाही काकू," डासमावशी म्हणाली. "माझ्यासाठी. मला दोन्ही हवं होतं."

काकू हसल्या. कापूस त्यांनी स्वतःच धरला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मी काचेमागे तशीच उभी होते. पंधरा नंबरचे गृहस्थ काच वाजवून विचारत होते, अहो बाई, आमचा नंबर कधी पुकारणार?