नव्या फॉर्ममधल्या गयाबाई

“ताई, गयाबाई परत आल्या.”

फोनवर सविता होती, मानवतच्या एका खाजगी दवाखान्याची रिसेप्शनिस्ट. तिथलं पेशंट-नोंदणीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कुणी लिहिलेलं. सांभाळायला ते माझ्याकडे आलं होतं.

“कोण गयाबाई?”

“वारल्या त्या. सोमवारी.”

“मग आल्या कुठं?”

“नव्या फॉर्मात. कॉम्प्युटर बंद करून पाह्यला. तरी यायल्यात.”

परभणीहून एसटीनं मानवतला गेले. सविता खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभी होती. मी ‘नवीन पेशंट’वर क्लिक केलं. कोरा फॉर्म यायला हवा होता. आला तो भरलेला. नाव गयाबाई. गाव ताडकळस. ॲलर्जी: नाही. तक्रार: दम लागतो, पाणी मागायलीय.

“त्यांची लेक बोलली तसंच टाईप केलं मी,” सविता म्हणाली. “फॉर्म पुरा व्हायच्या आत गेल्या.”

मी डेटाबेसमध्ये शोधलं. गयाबाई नावाची नोंदच नव्हती. पुन्हा शोधलं. नाही. जी बाई कुठंच साठवलेली नाही, ती येते कुठून?

तेवढ्यात आतून एक बाई ओरडली, “थांबा! ते इंजेक्शन माझ्या पोरीला सोसत न्हाई. मागं लय सुजली होती!”

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. “सविता, ॲलर्जीपुढं ‘नाही’ कुणी लिहिलं?”

“मी न्हाई लिहिलं, सर.”

तिनं खरंच लिहिलं नव्हतं. मी यायच्या आधी तिनं त्या मुलीची नोंद केली होती. गयाबाईंचं नाव, गाव, तक्रार पुसली. ॲलर्जीचा रकाना तेवढा राहिला.

“भुताचं मला सांगू नका,” डॉक्टर मला म्हणाले. “आज पोर गेली असती.”

मी कोड उघडला. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पेशंटची माहिती एका ऑब्जेक्टमध्ये ठेवतात. समजा, एक डबा. फॉर्म उघडला की डब्यातली माहिती रकान्यांत उतरते. नव्या पेशंटला दर वेळी नवा, रिकामा डबा द्यायचा असतो. इथं सगळ्यांना मिळून एकच रिकामा डबा होता. नोंद नीट झाली तर त्याला धक्का लागत नसे. सेव्ह करताना फॉर्म अडला, तर मात्र भरलेली माहिती त्यात जाऊन पडे आणि तिथंच राही. प्रोग्रॅम दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालायचा, म्हणून इथला कॉम्प्युटर बंद करून काही होत नव्हतं.

“सोमवारी फॉर्म कशानं अडला?”

“मोबाइल नंबर पाहिजे म्हणायलता. घाबरलेल्या लेकीला नंबरच आठवंना.”

मी दुरुस्ती केली. आता सर्व्हर रिस्टार्ट केला की तो जुना डबा पुसला जाणार होता. सवितानं माझा हात धरला.

“म्हंजे गयाबाई जातील? त्यांचं दुसरीकडं कुठंच काही न्हाई ना?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “दवाखान्याचा नंबर टाक. नोंद पूर्ण कर.”

सविता खुर्चीवर बसली, नंबर टाकला, सेव्ह केलं. मी सर्व्हर रिस्टार्ट केला. नवा फॉर्म उघडला. सगळे रकाने रिकामे. तरी आम्ही तिघं बराच वेळ पडद्याकडे बघत राहिलो.

नव्या फॉर्मला नवा ऑब्जेक्ट द्यावा, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मोबाइल नंबर सक्तीचा करण्याआधी दवाखान्याच्या दाराशी तासभर बसून पाहावं, हे सापडत नाही.