गोल्जीतून ताईच्या मानेपर्यंत

अकरावीच्या पोरांना पेशी शिकवताना गोल्जी बॉडीचं चित्र आलं की मी पांढरा खडू ठेवते आणि नारिंगी घेते. पोरांना वाटतं, मॅडमची हौस. हौस नाही. मला गोल्जी समजली ती वरूडच्या संत्र्याच्या शेडमध्ये. ती गोल्जी होती हे मात्र पुढे अमरावतीच्या वर्गात कळलं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी लपवत नाही, त्याचं रडगाणंही गात नाही. अभिमान आहे, तो आहे. माय शेडमध्ये माल निवडायला जायची आणि हंगामात मी आणि ताई तिच्यासोबत. ट्रॅक्टरमधून संत्री उतरली की कच्चा ढीग पडायचा. पहिल्या ओळीतल्या बाया फुटकी, डागी फळं बाजूला काढायच्या. पुढच्या पुसायच्या. त्यांच्या पुढच्या मोठं, मधलं, बारीक असं वेगळं करायच्या. शेवटी पेटीत गवत घालून फळं भरायची आणि वर गावाचं नाव टाकायचं. नाव पडलं की पेटी त्याच गावाला जाणार.

एम.एस्सी.ला आमचे सर शिकवत होते की प्रोटीन एका जाळ्यात तयार होतं, तिथेच त्याला घडी पडते, मग बारीक पिशव्यांतून ते गोल्जीकडे जातं. गोल्जी म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चपट्या थैल्यांची थप्पी. एका तोंडाने माल आत येतो. पुढे जाताना त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटल्या जातात, नव्या जोडल्या जातात. शेवटच्या थैलीत ठरतं की हा माल पेशीच्या बाहेर जाणार, का पडद्यावर बसणार, का आतच राहणार. सर म्हणाले, यात शास्त्रज्ञांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, थैल्या जागेवर बसून राहतात आणि माल पिशव्यांतून एकीकडून दुसरीकडे जातो. दुसरे म्हणतात, अख्खी थैलीच मालासकट पुढे सरकते, सरकता सरकता पिकते, आणि कामाची हत्यारं तेवढी पिशव्यांतून मागे येतात.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, शेडमध्ये दोन्ही होतं. एरवी बाया बसून राहतात, टोपली फिरते. पण आभाळ आलं की ताडपत्रीवरचा ढीगच ओढत पुढे नेतात, बाया ढिगासोबत. पुसायचं फडकं फक्त मागच्यांकडे फेकतात."

सरांनी विचारलं, "तू वरूडकडची का?"

वर्ग हसला. मी लगेच खाली बसले नाही.

सुट्टीत ताईला हे सांगितलं. तिचं लग्न होऊन ती हिवरखेडकडे गेली होती. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आपल्या आंगात बी अडते-दलाल हायेत म्हन की! मंग मानूस सुखानं जगन कसा?"

ते दिवस वाईट होते. कपाशीवर बोंडअळी पडायची, एका फवारणीने मरायची नाही, मग दुसरी, मग दोन औषधं एकत्र. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. भाऊजी पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या ओळींतून चालत. पंप रिकामा झाला की दर वेळी धुऱ्यावर, बांधापाशी, परत येणं नको, म्हणून औषध ड्रममध्येच कालवून ठेवायचं आणि ताईने ते घागरीत भरून, डोक्यावर घेऊन, ते असतील तिथे नेऊन द्यायचं. त्या भागात सगळ्यांच्या वावरात हेच चालायचं. खांद्याएवढी कपाशीची पऱ्हाटी, पायाखाली ढेकळं, घागर हिंदकळणारच. डोक्यावरची चुंबळ ओली व्हायची, तिच्यातून वेणीत झिरपायचं. ताईचे केस दाट, कंबरेपर्यंत, रोज तेल लावलेले.

एका दुपारी ती वावरातच पडली. तोंडाला फेस, सगळं अंग थरथरत. भाऊजींनी तिला जीपमध्ये घालून अकोल्याला आणलं. होस्टेलच्या फोनवर निरोप मिळाला तशी मी अमरावतीहून एस.टी.ने निघाले आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोचले. तिथे प्रत्येक खाटेशी एकच प्रश्न चालला होता. कंपाउंडर विचारायचा, पोलीस विचारायचा, शेजारच्या खाटेचे पाहुणेही विचारायचे: "पेली का?" म्हणजे, जीव द्यायला औषध प्यायली का. फवारताना विष चढतं, हे कोणाला खरंच वाटत नव्हतं.

ताई उशीला टेकून बसली होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, पण बोलत होती.

"काहून आली वं? परीक्षा हाये न तुही?"

"तू मरून राहिली म्हणून आली."

"मंग जाय परत. नाई मरत."

तिची सासू खाटेच्या पायथ्याशी होती. मी तिला मावशी म्हणायची. तिने पिशवी बांधायला घेतली होती. "च्या पेली, बोलून राहिली. आता कायले ठेवता? लोकं काय काय बोलून राहिले. घरी नेतो मी माह्या सुनेले."

मी म्हटलं, "नाही न्यायचं."

भाऊजी माझ्याकडे वळले. "तुमी शिकलेल्या हा. सांगा मले, बरी दिसून राहिली, मंग काहून नाई?"

मी त्यांना सांगितलं. नसेतून मांसाला निरोप जातो: आवळ, सोड. निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक प्रोटीन असतं. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज असं त्याचं लांबलचक नाव. औषध नेमकं त्याच्यावर चिकटून बसतं. मग निरोप पुसला जात नाही, मांस थरथरत राहतं आणि शेवटी थकून ढिलं पडतं. सुईतून जे चाललंय त्याने लाळ थांबते, घाम थांबतो, ठोके सावरतात. मेलेलं प्रोटीन त्याने परत येत नाही. ते नव्याने तयार व्हावं लागतं, जाळ्यात घडी पडून, गोल्जीतून साखर लागून, पत्ता पडून, तिच्याच मांसापर्यंत. "शेडमधून नवा माल निघाल्याशिवाय सुट्टी नाही, भाऊजी."

त्यांनी मावशीच्या हातातली पिशवी घेऊन खाटेखाली सरकवली.

वॉर्डातला तरुण डॉक्टर म्हणाला, "बरोबर आहे. मानेवर लक्ष ठेवा. उशीवरून डोकं उचलता आलं नाही तर मला लगेच हाक मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "ताई, मान उचल." तिने जोर लावला, कपाळाच्या शिरा दिसल्या, डोकं उशीवरून हललं नाही. तिला हसू आलं. "दगड भरला वं यात." दुपारपर्यंत श्वासही वरच्या वर लागला. डॉक्टरने घशात नळी घातली. श्वासाच्या मशिनी होत्या त्या सगळ्या दुसऱ्या खाटांना लागलेल्या होत्या. नळीला रबराचा फुगा जोडला आणि तो आमच्या हातात दिला. दाबायचा, सोडायचा. तुम्ही दाबला तर ती श्वास घेणार, एवढं साधं होतं. भाऊजी दाबायचे, मी दाबायची, वरूडहून माय आली तीही दाबायची. मायचा हात संत्री निवडणारा, त्याला फुग्याची लय लवकर सापडली.

फुगा दाबताना मी डोळे मिटून तो रस्ता मनात चालायची. जाळं, पिशवी, पहिली थैली, मधली, शेवटची. वर्गात हे चित्र एका तासात संपलं होतं. इथे मी त्या मालाची वाट पाहत होते, फाट्यावर उशिरा येणाऱ्या गाडीची पाहावी तशी, आणि कुठलं मत खरं याच्याशी मला घेणं नव्हतं. पिशव्यांतून येवो की सरकत्या थैल्यांतून येवो, येवो.

अशीच वाकलेली असताना मला तो वास आला. कुजका, लसणासारखा. आधी वाटलं, वॉर्डाचाच. मग तिच्या वेणीला नाक लावलं. केस चिकट होते, वास तिथून येत होता.

"हिचं डोकं धुतलं नाही?"

सिस्टर म्हणाली, "अंग धुतलं, कपडे बदलले. डोक्यावर पाणी घालू दिलं नाही यांनी. मग नुसतं ओल्या फडक्याने पुसलं."

मावशी म्हणाली, "दुखनाईताच्या डोक्यावर पानी घालतेत काय? सरदी होऊन मानूस जाते." तिच्या डोळ्यांत काही कपट नव्हतं. माझ्या मायनेही आम्हाला तापात कधी डोक्यावरून न्हाऊ घातलं नाही. आपल्याकडे दुखणं उतरल्यावरच डोक्यावर पाणी पडतं.

आतून नवा माल निघत असेल, तर वेणीतलं औषध कातडीतून उतरून त्याच्यावर बसत होतं. पेटी भरायची, नाव टाकायचं, आणि दारातून बाहेर पडली की कोणी पायाखाली तुडवायची.

डॉक्टरला सांगितलं. त्याने धुवा म्हटलं. आम्ही साबण घेतला, पण तोंडात नळी, मान वळवता येत नाही, तेलात मुरलेली घट्ट वेणी, पाणी खांद्यावर आणि नळीच्या पट्टीवर. वास जाईना. डॉक्टर म्हणाला, "कापा. मुळापासून."

मावशी उठून उभी राहिली. "नवरा जित्ता हाये तिचा! सवाशीन बाईचे केस कापता? रांडव करता तिले?"

मी मायकडे पाहिलं. माझी माय, जिने मला कॉलेजात घातलं. ती म्हणाली, "नको वं बाई. दुसरं काई कर. तू एवढी शिकली, दुसरं काईच नाई काय त्या पुस्तकात?"

"नाही."

भाऊजी फुगा दाबत होते. मान वर न करता, हाताची लय न मोडता ते म्हणाले, "माह्यासाठीच ठेवले न केस? मंग मी सांगतो. कापा."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक म्हातारे मुसलमान चाचा शिलाई मशीन घेऊन बसत. मी कैची मागितली.

"कपडा कटता है इससे बेटी, बाल नहीं. धार मर जाएगी."

मी कशाला ते सांगितलं. त्यांनी कैची फडक्याला पुसून दिली. "वापस मत लाना. जहर लगेगा."

वेणी एका घावात कापली गेली नाही, कैचीने चावत चावत तोडावी लागली. मग मुळाजवळचे केस, मग साबण, तीनदा-चारदा, वास जाईपर्यंत. सिस्टरने वेणी पिशवीत बांधून नेली. मावशी तोंड भिंतीकडे करून बसली होती. ताई जागी होती. तिचा हात कसाबसा डोक्याकडे गेला, तिथे काही नाही हे तिला कळलं. नळीमुळे बोलता येत नव्हतं. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, आणि त्या हातात जेवढा उरला होता तेवढा जोर लावला.

"वाढतेत केस," मी म्हटलं.

नंतर एका सकाळी मी म्हटलं, "ताई, मान," आणि तिने डोकं उशीवरून उचललं. बोटभर. मग पुन्हा उचललं, मला दाखवायला. माय हात जोडून उभी राहिली. मी डॉक्टरला पळत जाऊन सांगितलं, आणि तो आला, त्याने पाहिलं, हसला. माल पोचला होता. तो रस्ता मला पाठ होता आणि त्याच्या टोकाला माझ्या बहिणीची मान होती. माझ्या शिक्षणात मला इतकं खरं काही दुसरं मिळालं नाही.

दोन दिवसांनी छातीत कफ भरला. ताप चढला. नळीतून घाण येऊ लागली. मशीन मोकळी झाली, तिला लावली, अँटिबायोटिक बदलली. मान उचलता येत होती, पण फुप्फुसं गेली होती. भर दुपारी, जेवणाचे डबे वॉर्डात येत असताना, ताई गेली.

हिवरखेडकडे तिच्या दारात तिला हिरवं लुगडं नेसवलं. सवाशीण गेली की तिला नवरीसारखं सजवतात. हळद, कुंकू, चुडा, केसात वेणी. मायने फुलांची वेणी हातात धरली आणि ती थांबली. डोक्यावर बोटभरही केस नव्हते. ते पाहून बायांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, असलं डोकं घेऊन अहेव कशी जाईल. कोणी म्हणालं, पेलीच असन, उगाच नाई दवाखान्यानं भादरली.

माय माझ्याकडे वळली. "सांग न वं, वेणी कुठं लावू?"

मावशी उठली. तिने मायच्या हातातली फुलं घेतली, ताईचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि काठाला सुईदोऱ्याने ती वेणी टाके घालून शिवली. दोरा दातांनी तोडला. मग बायांकडे वळून म्हणाली, "माह्या सुनेनं पेलं नाई. औषध केसात होतं. म्या तिचं डोस्कं धुऊ देल्लं नाई. ज्याले बोलायचं त्यानं मले बोला."



केसांतून किती विष गेलं, अंगावरून आणि श्वासातून आधीच किती गेलं होतं, छातीतला कफ कशाने झाला, हे वेगळं काढून सांगता येत नाही. वेळेवर डोकं धुतलं असतं तरी ताई वाचली असती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. हे मला माहीत होतं, तिथे फक्त मलाच माहीत होतं. मावशी माझ्याकडे पाहत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी ताईच्या पायाशी बसले आणि गप्प राहिले.